बाबांचा वाकडा आवाज

न्याँबिन गाव, इरावतीकाठ
तझाउंमोन महिना, शुद्ध पंचमी

चि. लिन यास,

ताईचा आशीर्वाद. तू बरा असशील, दोन वेळा जेवत असशील आणि त्या कोळंबीच्या कारखान्यात हातमोजे घालूनच काम करत असशील, असं धरून चालते. दॉ प्यू मावशीचा जावई सांगत होता की तिकडे परमुलखात महाछाईला तुझी बोटं पाण्यात राहून पांढरीफटक पडलीत. हळद लाव. तिकडे मिळत नाही असं सांगू नकोस, हळद सगळीकडे मिळते.

मी ठीक आहे. नदी उतरायला लागली. समोरचं वाळूचं बेट यंदा लवकर उघडं पडलं आणि दॉ प्यू मावशीने आपल्याला न विचारता त्यावर भुईमूग पेरून टाकला. मी भांडले नाही. भांडायला दोन माणसं लागतात आणि मावशी भांडण सुरू झालं की बहिरी होते. मांजरीला पिल्लं झालीत, तुझ्या जुन्या शर्टांच्या पेटीत. शर्ट गेले असं समज.

जावयाच्या हाती पाठवलेलं सामान पोचलं. मलम, बिस्किटांचा डबा आणि ब्लँकेट. निळं ब्लँकेट फार मऊ आहे, त्याच दिवशी बाबांच्या अंगावर घातलं. बिस्किटं मी खाल्ली, खोटं कशाला बोलू.

आणि तुझा प्रश्नही पोचला. जावई बिचारा दारात उभा राहून पाठ केल्यासारखा म्हणाला, "ताई, लिनने विचारलंय, बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का? त्यांनी मला माफ केलं का? एवढं तरी विचारून ये, म्हणाला." मी त्याला म्हटलं, "आधी चहा घे." चहा पिऊन झाला तरी तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आता त्याची सुट्टी संपत आली, परवानंतर तो निघेल. फोनचा टॉवर पावसाळ्यापासून मेलेला आहे, म्हणून हे पत्र. उत्तर देणार आहे. पण मला माझ्या पद्धतीने देऊ दे. मधली पानं सोडून शेवट वाचायची तुझी सवय मला माहीत आहे.

तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलेलं नाही. त्याआधी तू काय करून गेलास ते लिहिते. तू विसरला नसशील, पण मला एकदा लिहून टाकायचं आहे.

आपल्या नदीत होडीच्या कडेवर काठीने ठोकलं की डॉल्फिन येतात. आजोबांच्याही आधीपासून येतात. आपण ठोकायचं, त्यांनी मासळी घेरून आणायची, शेपटी हलवून दाखवायचं की जाळं इथे टाक, आणि जाळ्यातून निसटेल ती मासळी त्यांची. यात कधी कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तू त्या दोघा उपऱ्यांच्या बॅटरीवाल्या होडीत बसलास आणि बाबांच्या ठोक्याने ठोकलंस. कळपातली थोरली ओळखीच्या हाकेला आली, मासळीचा थवा पुढे घालून आली, आणि त्यांनी पाण्यात वीज सोडली. विजेने मासे मारणारे नदीवर पुष्कळ आहेत, ते चोर आहेत, त्यांचं काय बोलायचं. पण डॉल्फिनला आधी हाक मारायची आणि मग वीज सोडायची, हे आपल्याच घरातल्याला सुचू शकतं. बाहेरच्याला ती हाक कुठून येणार?

तुला वाटलं होतं थोरली बाजूला होईल. मला माहीत आहे. तू तिच्या पाठीवर हात फिरवत मोठा झालास, तू तिला मारायला गेला नव्हतास. पण ती मेली. बाबांनी तिला ओढून वाळूवर घेतलं, आईची शाल तिच्यावर घातली आणि तुझ्याकडे बघितलं. तू गुडघाभर पाण्यात उभा होतास. त्यांनी एक शिवी जरी घातली असती ना, तरी तू गेला नसतास. ते काहीच बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि तू बोचकं बांधलंस त्या दिवशीही नाही. मी बापलेकांच्या मध्ये भाताची ताटं मांडत राहिले.

झालं, लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

तू गेल्यावर डॉल्फिन ठोक्याला यायच्या बंद झाल्या. आमच्याच असं नाही, कुणाच्याच. उलट ठोकलं की त्या बुडी मारून पार पलीकडच्या काठाला निघून जायच्या. ऊ थेट काका रोज सकाळी ठोकून ठोकून हात सुजवून घ्यायचे. शेवटी त्यांनी काठी पाण्यात भिरकावली आणि तीच काढायला स्वतः उडी मारली, कारण ती त्यांच्या वडिलांची होती. नुसत्या जाळ्याला किती मासळी लागते ते तुला ठाऊक आहे. वरच्या आळीची घरं बंद झाली, माणसं वीटभट्टीवर गेली. घाटावर कपडे धुताना बायका मला ऐकू जाईल असं बोलायच्या, "आज पुन्हा नुसता अंबाडीचा रस्सा. लिनला कळवा गं कुणीतरी, तिकडे कोळंबी खात असेल तो." मी मान खाली घालून कपडे आपटायची. तुझा राग यायचा आणि त्यांचाही यायचा.

मग गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. सकाळी मला हाक मारायला तोंड उघडलं आणि एक वाकडाच आवाज निघाला, घशातून घोगरा सुरू होऊन शेवटी नाकात चढणारा. तेवढाच एक आवाज त्यांना राहिला. भूक लागली तरी तोच, डास चावला तरी तोच. मला कळायचं नाही आणि मला कळत नाही म्हणून ते चिडायचे. पेजेचा वाडगा माझ्या अंगावर फेकायचे, डाव्या हाताने, नेम मात्र बरोबर. एकदा मीही रिकामा वाडगा भिंतीवर फेकला आणि दोघं रडत बसलो. घर नको झालं होतं मला, लिन. सांगायला कुणी नव्हतं म्हणून तुला आत्ता सांगते.

त्यांचा हात काहीतरी शोधत राहायचा, म्हणून एक दिवस मी त्यांची ठोकायची काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. नुसतं धरून बसतील, गप्प राहतील, एवढंच मनात होतं. त्यांनी पलंगाच्या लाकडावर ठोकलं. भराभर, हलकं, होडीत ठोकायचे तसं. ये. मी चुलीपाशी होते, आणि लिन, माझे पाय आपोआप उठले. आई गेल्यापासून मी त्यांच्या होडीत मागे वल्ह्यावर बसत आले, मला त्यांच्या काठीचं सगळं बोलणं येतं. एक लांब ठोका, 'हो'. दोन कोरडे ठोके, 'इथे काही नाही, पुढे चल', म्हणजे 'नाही'. जाळं टाकायच्या आधीचा ठोका त्यांनी कशासाठी राखून ठेवला माहीत आहे? भांडं मागायला. पहिल्यांदा ठोकला तेव्हा मला वाटलं बाबांना नदीची आठवण येतेय. मी त्यांच्याजवळ बसून डोळे पुसत राहिले आणि तोवर चादर ओली झाली. नंतर आम्ही दोघं खूप हसलो. त्यांचं अर्धंच तोंड हसायचं.

तेव्हापासून घर ताळ्यावर आलं. आम्ही गप्पा मारायला लागलो. आधी धडधाकट होते तेव्हा ते माझ्याशी बोलायचेच कुठे? दिवसाला चार शब्द, त्यातले दोन मासळीबद्दल. आता मी विचारायची आणि ते ठोकायचे, दॉ प्यूच्या कोंबड्यांपासून माझ्या लग्नापर्यंत. लग्न का मोडलं होतं ते त्यांना इतक्या वर्षांनी खरं सांगितलं. त्यांनी नुसती काठी माझ्या हातावर ठेवली.

पाणी उतरल्यावर मी त्यांना होडीत घालून नेलं. पडून पडून पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या आणि ते तुळया मोजत पडलेले मला बघवत नव्हतं. ऊ थेट काकांनी पाठुंगळीला घेतलं, पुढच्या टोकाला पोत्यांवर टेकवून बसवलं आणि म्हणाले, "म्हातारबुवा, पडलास तर मी उडी मारणार नाही, मी मघाशीच अंघोळ केलीय." आणि आपल्या होडीत जाऊन सवयीने ठोकायला लागले. लांबवर डॉल्फिनच्या पाठी दिसत होत्या. ठोका पडला तशा त्या पलीकडच्या काठाकडे वळल्या.

बाबा खवळले. त्यांना काकांना सांगायचं होतं की ठोकू नको, गाढवा, घाबरतात त्या. एवढं सगळं तोंडातून कुठलं निघायला? तोच वाकडा आवाज निघाला, पण असा जोरात की माझ्या हातातलं वल्हं सुटलं. काका थांबले. बाबा ओरडतच राहिले. काकांना शिव्याच देत होते ते, मला त्यातली एकूण एक कळत होती.

आणि फाटकी वळली. पाठीवरचा पर फाटलेली ती, थोरलीची लेक, तुला आठवत असेलच. ती थांबली, डोकं वर काढलं आणि हळूहळू आमच्याकडे आली. एकदम जवळ नाही आली, मधे पाणी ठेवून आली. बाबांनी पुन्हा तो आवाज काढला, या वेळी शिवी नव्हती. तिने शेपटी वर केली आणि पाण्यावर आपटली. जाळं टाकायला आमच्या होडीत हातच नव्हता, बाबांचा उजवा हात मांडीवर पडलेला. काका आपल्या होडीतून म्हणाले, "न्वे यी, बघतेस काय, टाक!" मी आयुष्यात पहिल्यांदा जाळं टाकलं आणि निम्मं स्वतःच्याच डोक्यावर पडलं. तरी मासळी आली. निसटलेली फाटकीने खाल्ली.

ठोका त्यांच्यासाठी मेला होता, लिन. बाबांचा हा आवाज नवा होता, या आवाजाने त्यांना कुणी कधी फसवलं नव्हतं. एवढंच मला समजलं, जास्त मला विचारू नकोस. त्यानंतर गावातले सगळे बापये बाबांकडे आवाज शिकायला येऊन बसायचे. काका, वरच्या आळीचे दोघे भाऊ, सगळे तोंड वाकडं करून, मान तिरकी करून घोगरायचे, आणि बाबा दोन कोरडे ठोके देऊन प्रत्येकाला नापास करायचे. बायका जिन्यात बसून पोट धरून हसायच्या. घाटावरच्या त्याच बायका. मासळी पहिल्यासारखी नाही, पण आहे. वीटभट्टीवरची माणसं परत आली. बाबांना कुणी ना कुणी रोज होडीत घालून न्यायचं, आणि माझ्या घरी मासळी आणून टाकायचं.

यंदाच्या थडिंग्युतच्या पौर्णिमेला गावातली धाकटी माणसं बाबांच्या पाया पडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायला आली. दरवर्षी येतात, पण यंदा रांग लागली. बाबांनी एकेकाच्या डोक्यावर डावा हात ठेवला. त्याच दिवशी संध्याकाळी जावई तुझं सामान घेऊन आला.

इथवर लिहिलं आणि उठावं लागलं. भिक्खूंच्या जेवणाचं ठरवायला बायका आल्या होत्या. तांदूळ कुणाचे, कोंबडी कुणाची, माझं लक्ष नव्हतं. ऊ थेट काका दारात बसलेत, दार वाऱ्याने लागू नये म्हणून त्याला दगड लावतायत. सात दिवस दार बंद करायचं नसतं.

तू ओळखलं असशील. मी इतका वेळ बाबा असं करायचे, तसं ठोकायचे असं लिहीत आले, तेव्हाच ओळखलं असशील.

बाबा गेले, लिन. शुद्ध प्रतिपदेला, दिवस वर आल्यावर. त्रास झाला नाही. पेज अर्धी घेतली, मान माझ्या बाजूला केली आणि संपलं. तुझं ब्लँकेट त्यांच्यासोबत गेलं. मी काढू दिलं नाही, दॉ प्यू म्हणत होती नवं आहे, राहू दे. परवा सातवा. मला अजून पलंगाकडे पाठ करून बसता येत नाही. काठी वाजली आणि मला ऐकू आली नाही, असं होईल की काय वाटतं.

आता तुझा प्रश्न. मी तो बाबांना विचारला. जावई चहा पिऊन गेला तेव्हाच विचारला. म्हटलं, "बाबा, लिन विचारतोय. त्याला माफ केलंत?"

दोन कोरडे ठोके.

मला वाटलं काठी निसटली. दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ पुसताना पुन्हा विचारलं. नाही. मी चिडले, म्हटलं, "पोराची बोटं सडलीत तिकडे. सगळ्या गावाच्या डोक्यावर हात ठेवलात, एका त्याच्याच नाही!" त्यांनी पुन्हा तेच ठोकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यातून पाणी येत होतं, पण ठोका स्पष्ट होता.

मी तुला 'हो म्हणाले' असं लिहू शकले असते. जावयालाही तेच सांगून टाकणार होते. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं आणि तुला बरं वाटलं असतं, आणि मला तुला बरं वाटायला हवं आहे, तू माझा एकुलता भाऊ आहेस. पण या घरातल्या ठोक्याशी एकदा खोटं झालंय. मी पुन्हा करणार नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना भरवत होते. त्यांनी वाडगा सरकवला, काठी घेतली आणि ठोकायला लागले. भराभर, हलकं. ये. मी म्हटलं, "मी इथेच आहे ना." नाही. "ऊ थेट काकांना बोलावू?" नाही. "मावशी?" नाही. मला भीती वाटली, मी विचारलं, "आईला बोलावताय?" नाही. आणि पुन्हा सुरू, ये, ये, ये. मग मी म्हटलं, "लिनला?"

एक लांब ठोका.

मी काठीच धरली त्यांची. म्हटलं, "म्हणजे माफ केलंत?"

त्यांनी माझ्या हातातून काठी ओढून घेतली. दोन कोरडे ठोके. आणि लगेच पुन्हा भराभर, हलकं. हात थकला की थांबायचे आणि पुन्हा ठोकायचे. पेज गार झाली तरी ठोकत होते. आपल्या घरात, आपल्या पलंगावर, ज्या ठोक्याला नदीत आता कुणी येत नाही त्या ठोक्याने ते तुला हाक मारत होते, आणि ऐकायला मी एकटी होते.

हे तुझं उत्तर. माफ केलेलं नाही. ये.

सातव्याला पोचणार नाहीस, ते मी धरलेलंच आहे. नंतर ये. काका म्हणालेत की आला की आधी दोन मुस्काटात देणार. त्या खा आणि उलट बोलू नकोस, मग ते स्वतःच तुला जेवायला नेतील. घाटावर बायका काय बोलायचं ते बोलतील. फाटकी तू असलेल्या होडीजवळ येईल की नाही, मला माहीत नाही. नाही आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ. होडीत पुढे मी बसते आता, जाळं माझ्या हातात राहील, काठीला तू हात लावायचा नाहीस. तू मागे बसायचं आणि वल्हं मारायचं. तोंडाने काही बोलला नाहीस तरी चालेल. मला त्याची सवय आहे.

तुला माफ न केलेली,
तुझीच ताई,
न्वे यी